रात्रीची लेन्स, दिवसाची नजर

नागझिऱ्याच्या अभयारण्यात आत गेलात की एक तलाव लागतो. उन्हे उतरली, की पलीकडच्या काठावर चितळ येतात, सांबर येते, नशीब असेल तर गव्यांचा कळपही पाण्यावर उतरतो. अशा वेळी बोलायची बंदी असल्याने सगळा व्यवहार बोटांनी चालतो. एक जण बोट दाखवतो, बाकीचे तिकडे पाहून माना डोलावतात. शाळकरी मुलांच्या निसर्गशिबिरांबरोबर मी तेथे अनेकदा गेलो आहे. माझ्या लक्षात आले आहे ते असे, की माना डोलावणाऱ्यांपैकी एकदोघांना काहीच दिसलेले नसते. समोर एक काळपट हिरवा पट्टा आणि त्याखाली चकाकणारे पाणी, एवढेच. ‘मला दिसत नाही’ असे सांगायची लाज वाटते. कित्येकदा तर आपल्याला कमी दिसते हेच त्यांना ठाऊक नसते. सगळ्यांना जग असेच दिसते, अशी त्यांची समजूत असते.

अशाच एका शिबिरात नववीतल्या एका मुलीने मला प्रश्न विचारला. तिचा नागपूरचा मावसभाऊ रात्री झोपताना डोळ्यांत लेन्स घालतो, सकाळी ती काढून ठेवतो आणि दिवसभर त्याला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसते. ‘सर, लेन्स तर डबीत असते. मग दिवसा त्याला दिसते कसे?’

प्रश्न मोठा चांगला आहे. भिंग प्रकाशाच्या वाटेत असेल तेव्हाच किरण वळवते, हे तुम्ही प्रकाशाच्या धड्यात शिकलात. काढून ठेवलेले भिंग काम करते, हे ऐकायला जादूसारखे वाटते. शिवाय या प्रश्नाच्या पोटात दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. या लेन्सने डोळा बरा होतो का? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. ते वेगळे ठेवले नाहीत, तर जाहिरात वाचून फसगत होते.

आधी दोष समजून घेऊ. जन्मलेल्या बाळाचा नेत्रगोल समोरून मागे मोजला तर सुमारे १७ मिलिमीटर भरतो. मोठ्या माणसात तो २४ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे डोळा वाढतो, आणि ही वाढ अशी बेताने व्हावी लागते, की डोळ्याचे भिंग जेथे प्रतिमा पाडते नेमके तेथे दृष्टिपटल यावे. काही मुलांचा नेत्रगोल गरजेपेक्षा जास्त लांबतो. मग दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते आणि दृष्टिपटलावर पोहोचते ती पसरलेली, पुसट आकृती. हीच निकटदृष्टिता. लांबी एक मिलिमीटरने जास्त झाली, तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरने वाढतो. एक मिलिमीटर म्हणजे तुमच्या पट्टीवरचा सर्वांत लहान भाग!

नंबर उणे २ असेल, तर त्या डोळ्याला स्पष्ट दिसण्याची शेवटची हद्द किती? एकला दोनने भागा. अर्धा मीटर. त्यापलीकडे फळा काय आणि तलावाचा काठ काय, सारेच धूसर. अंतर्गोल भिंगाचा चष्मा लावला, की किरण डोळ्यात शिरण्यापूर्वीच थोडे फाकतात आणि प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर येते. चष्म्याने नेत्रगोलाची लांबी मात्र तसूभरही कमी होत नाही.

आता रात्रीच्या लेन्सकडे वळू. प्रकाशकिरण वळवण्याचे मोठे काम डोळ्यातल्या आतल्या भिंगाकडे असते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात डोळ्याच्या एकूण सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ डायॉप्टर एकट्या पारपटलाची असते. पारपटल, म्हणजे कॉर्निया, ही बुबुळाच्या पुढची पारदर्शक काच. तिचा पुढचा पृष्ठभाग थोडा सपाट करता आला, तर तिची शक्ती कमी होईल आणि प्रतिमा मागे सरकेल. म्हणजे जे काम चष्म्याचे अंतर्गोल भिंग करते, तेच काम खुद्द पारपटल करील. रात्रीची लेन्स हेच करते. ती कडक असते, तिची आतली बाजू पारपटलापेक्षा मुद्दाम सपाट घडवलेली असते, आणि रात्रभरात ती पारपटलाला आपला आकार देते. सकाळी लेन्स डबीत जाते, पण आकार मागे राहतो. या पद्धतीला ऑर्थोकेरॅटॉलॉजी असे लांबलचक नाव आहे.

किती सपाट करावे लागते? हे गणित तुम्हाला करता येईल, म्हणून करूनच पाहा. पारपटलाच्या पुढच्या पृष्ठभागाची वक्रतात्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर असते आणि त्याचा अपवर्तनांक १.३७६. एका वक्र पृष्ठभागाची शक्ती काढायची तर अपवर्तनांकातून १ वजा करावा आणि मीटरमधल्या त्रिज्येने भागावे. ०.३७६ भागिले ०.००७८, उत्तर ४८.२ डायॉप्टर. (मघाशी ४३ म्हटले आणि आता ४८ कसे? पारपटलाचा मागचा पृष्ठभाग उलट काम करून ५-६ डायॉप्टर खाऊन टाकतो.) उणे ३ नंबर असलेल्या मुलासाठी ही शक्ती ४५.२ व्हायला हवी. उलटे गणित करा. नवी त्रिज्या ८.३२ मिलिमीटर येते. म्हणजे त्रिज्येत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक.

पण त्यासाठी पारपटलाचा किती भाग खाली दाबला गेला? येथे भूमितीतला जुना ‘शर’ उपयोगी पडतो. धनुष्याची दोरी म्हणजे जीवा, आणि तिच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर म्हणजे शर. कमान उथळ असेल तर शर हा अर्ध्या जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट, इतका असतो. बाहुलीसमोरचा ४ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायचा असे धरा. अर्धी जीवा २ मिलिमीटर. पहिला शर ४ भागिले १५.६, म्हणजे ०.२५६४ मिलिमीटर. दुसरा ४ भागिले १६.६४, म्हणजे ०.२४०४. फरक ०.०१६ मिलिमीटर, अर्थात १६ मायक्रॉन! वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीच्या साधारण पाव हिस्सा. उणे ३ चा चष्मा उतरवायला एवढेच पुरते.

हे १६ मायक्रॉन येतात कोठून? पारपटलाची मध्यावरची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. तिच्यावर सर्वांत वर पेशींचा एक पातळ थर असतो, पाच ते सात पेशी एकावर एक, एकूण जाडी सुमारे ५० मायक्रॉन. बदल मुख्यत्वे या थरात होतो. मध्यावर तो पातळ होतो आणि भोवतालच्या वलयात जाड होतो. पोळीच्या कणकेच्या गोळ्यावर अंगठा टेकवा. मध्ये खळगा पडतो आणि कडेने कणीक फुगते. ढोबळमानाने तसेच काहीसे.

अंगठा मात्र येथे लेन्सचा नसतो, अश्रूंचा असतो. पाण्याचा थेंब घालून काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून पाहिल्या आहेत का? त्या घसरतात, पण ओढून सुटत नाहीत. पातळ द्रवथरात केवढा जोर असतो, हे त्यावरून कळते. लेन्स आणि पारपटल यांच्यामध्ये अश्रूंचा असाच थर असतो. मध्यावर तो केवळ काही मायक्रॉन जाड असतो आणि तेथे पेशींवर दाब पडतो. लेन्सच्या आतल्या बाजूला मध्याभोवती एक जास्त बाकदार वलय कोरलेले असते. तेथे अश्रूंचा थर जाड असतो आणि ओढ बाहेरच्या दिशेने असते. मध्ये ढकलणे, कडेला ओढणे. सगळी किमया या वलयात आहे.

हे वलय सुचायला बरीच वर्षे गेली. शिकागो येथील जॉर्ज जेसन यांनी १९६२ मध्ये सपाट लेन्स वापरून नंबर उतरवण्याची कल्पना मांडली, तेव्हा लेन्स साध्या होत्या. त्या डोळ्यावर एका जागी बसत नसत, महिनोन् महिने लागत आणि शेवटी किती नंबर उतरेल याचा नेम नसे. शिवाय त्या लेन्सचे प्लास्टिक प्राणवायू जवळजवळ जाऊच देत नसे. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, असल्या तर ते पारदर्शक कसे राहील? त्याला प्राणवायू हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. झोपेत पापण्या मिटल्यावर हा पुरवठा सुमारे एक तृतीयांशावर येतो. त्यात वरून प्लास्टिकचे झाकण घातले तर पेशी गुदमरणारच. म्हणून त्या काळी लेन्स दिवसा घालत. बाकदार वलयाची लेन्स १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली, प्राणवायू भरपूर जाऊ देणारी द्रव्ये त्याच सुमारास आणि नंतर आली, पारपटलाचा नकाशा काढणारी संगणकयंत्रे आली, तेव्हा कोठे रात्रीची पद्धत व्यवहारात उतरली. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००२ मध्ये पहिल्या अशा लेन्सला रात्री वापरण्याची मान्यता दिली. आज आपल्याकडेही मोठ्या शहरांत काही नेत्रतज्ज्ञ ती देतात.

वरच्या आकडेमोडीवरून या पद्धतीची मर्यादाही तुमच्या ध्यानात आली असेल. थर ५० मायक्रॉनचा. उणे ३ ला १६ मायक्रॉन, उणे ६ ला ३२. इतके कोठून आणणार? म्हणून साधारण उणे ४ पर्यंतच ही पद्धत चांगली चालते. त्यापुढे जायचे तर सपाट केलेला भाग लहान ठेवावा लागतो. (३ मिलिमीटर व्यास धरून गणित पुन्हा करून पाहा.) पण भाग लहान ठेवला, की अंधारात बाहुली मोठी होते तेव्हा तिच्या कडेने न वळवलेले किरण आत शिरतात आणि दिव्यांभोवती वलये दिसतात. रात्री रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा अशा डोळ्याला फुललेला दिसतो.

आणखी एक गोष्ट. या थरातल्या पेशी आठवड्या-दहा दिवसांत नव्या येतात. कणकेला दिलेला आकार कणीक टिकवते, जिवंत पेशींचा थर टिकवत नाही. लेन्स घालणे थांबवले, की काही दिवसांत बराचसा, आणि काही आठवड्यांत जवळजवळ सगळा नंबर परत येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. मावसभावाला दिवसा दिसते ते खरे, पण त्याचा नेत्रगोल होता तेवढाच लांब आहे.

मग दुसऱ्या प्रश्नाचे काय? येथे गोष्ट अधिक मनोरंजक होते. लांबलेला नेत्रगोल कोणतीही लेन्स आखूड करत नाही. पण वाढत्या वयात त्याचे पुढचे लांबणे ती मंदावते, असे दिसून आले आहे. हाँगकाँगमधील पॉलीन चो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ ते १० वर्षांच्या मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले, एका गटाला रात्रीची लेन्स आणि दुसऱ्याला साधा चष्मा दिला, आणि दोन वर्षे नेत्रगोलाची लांबी मोजली. २०१२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. चष्मा लावणाऱ्यांचा नेत्रगोल सरासरी ०.६३ मिलिमीटरने वाढला होता, लेन्सवाल्यांचा ०.३६ ने. म्हणजे वाढ ४३ टक्क्यांनी कमी. फरक ०.२७ मिलिमीटरचा. मघाच्या हिशेबाने पाऊण डायॉप्टरच्या आतबाहेर. हा फरक मोठा मानायचा की लहान? मला विचाराल तर तो खरा आहे आणि मोलाचा आहे, पण त्याला ‘नंबर थांबला’ म्हणणे चुकीचे आहे. वाढ मंदावली, थांबली नाही. सगळ्या मुलांत सारखी मंदावली असेही नाही.

वाढ मंदावते ती का? कोंबडीच्या पिलांच्या डोळ्यांवर भिंगे बसवून १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून एक चमत्कारिक गोष्ट कळली होती. प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पाडली, तर डोळा प्रतिमेच्या दिशेने लांबत जातो. म्हणजे डोळा आपल्या वाढीचा हुकूम मेंदूकडून नव्हे, तर बऱ्याच अंशी दृष्टिपटलावरच्या प्रतिमेवरून घेतो. पुढे माकडांवरच्या प्रयोगांत दिसले, की हा हुकूम देण्यात दृष्टिपटलाच्या कडेच्या भागाचाही मोठा वाटा आहे. साध्या चष्म्याने मध्यावरची प्रतिमा जागच्या जागी येते, पण कडेची प्रतिमा अनेकदा दृष्टिपटलाच्या मागे पडते. जणू डोळ्याला ‘अजून वाढ’ असा निरोप जातो. रात्रीच्या लेन्सने पारपटलावर जे फुगीर वलय उमटते, ते कडेचे किरण जास्त वळवते आणि कडेची प्रतिमा दृष्टिपटलाच्या पुढे आणते. निरोप बदलतो. हे स्पष्टीकरण आज सर्वांत जास्त मानले जाते, पण त्यावर वाद मिटलेला नाही.

वाढ मंदावण्याची एवढी धडपड कशासाठी, चष्म्याची काच थोडी जाड झाली तर काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल. काचेचे काहीच बिघडत नाही. पण नेत्रगोल लांबतो तेव्हा दृष्टिपटल ताणले जाते. उणे ६ च्या पुढे गेलेल्या डोळ्यात मोठेपणी दृष्टिपटल सुटणे, त्याचा मध्यभाग झिजणे, काचबिंदू होणे, यांचा धोका वाढतो. ही हानी चष्म्याने भरून येत नाही.

आता या नाण्याची दुसरी बाजू. मिटलेल्या पापणीखाली आठ तास ठेवलेली लेन्स हे जंतूंना आवडीचे ठिकाण असते. लेन्स किंवा तिची डबी अस्वच्छ असेल तर पारपटलावर जंतूंमुळे व्रण होऊ शकतो आणि त्याचा पांढरा डाग कायम राहू शकतो. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, १०,००० मुलांनी एक वर्ष या लेन्स वापरल्या तर सुमारे १४ जणांना असा आजार होईल, असा अंदाज निघाला. आकडा लहान आहे, पण साध्या चष्म्याने हा व्रण होत नाही, हेही ध्यानात घ्या. या जंतूंत अकँथअमीबा नावाचा एक आदिजीव फार चिवट आहे. तो मातीत, विहिरीत, तळ्यात, अगदी नळाच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही असतो. म्हणून नियम असा, की लेन्सला पाणी लावायचे नाही. नळाचे नाही, हातपंपाचे नाही, उकळून गार केलेलेही नाही. साबणाने धुतलेले हात कोरडे करूनच लेन्सला बोट लावायचे आणि लेन्स धुवायची ती तिच्यासाठी दिलेल्या निर्जंतुक द्रवानेच. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचे.

‘त्याच दिवशी’ हे शब्द आमच्या झाडीपट्टीत वजनदार आहेत. जंगलाकाठच्या गावातून तालुक्याला, तेथून गोंदियाला किंवा भंडाऱ्याला जायचे तर दिवस जातो. शिवाय या लेन्स महाग असतात, ठरावीक मुदतीने बदलाव्या लागतात आणि तपासणीसाठी वरचेवर शहरात जावे लागते. ज्या घरी हे सगळे बिनचूक होऊ शकते आणि ज्या मुलाचा नंबर लहान वयातच भराभर वाढतो आहे, त्या घरी नेत्रतज्ज्ञाशी याविषयी बोलावे. इतरांनी लेन्स परवडत नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. वाढ मंदावण्यासाठी अ‍ॅट्रोपिनचे अतिशय सौम्य थेंब आणि खास घडणीचे चष्मे हे मार्गही आता निघाले आहेत, अर्थात तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि साध्या चष्म्याला कमी लेखू नका. शाळांतून होणाऱ्या सरकारी नेत्रतपासणीत गरजू मुलांना तो मोफत मिळतो. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, म्हणून तो कमी नंबरचा घ्यावा किंवा लावूच नये, अशी एक समजूत गावोगाव आहे. मलेशियात २००२ मध्ये काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिला होता. त्यांची निकटदृष्टिता पूर्ण नंबर दिलेल्या मुलांपेक्षा जास्त वाढली!

एक मार्ग मात्र फुकट आहे, आणि तो नंबर लागण्यापूर्वीचा आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरात काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेले. तीन वर्षांनंतर त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली होती, इतर शाळांत ३९.५ टक्के. हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. यात व्यायामापेक्षा उजेडाचा हात जास्त असावा, असे मानतात. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, मोकळ्या जागेतल्या झाडाच्या सावलीतही काही हजार लक्स मिळतात, आणि आपल्या वर्गात तीन-चारशे मिळाले तरी पुष्कळ. डोळ्याला दोन्ही ठिकाणी ‘उजेडच’ वाटतो, कारण बाहुली जुळवून घेते. नागझिऱ्यात सकाळभर पाखरे पाहत हिंडणारे मूल कित्येक दिवसांच्या वर्गाएवढा प्रकाश एका सकाळी घेते. (सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे सांगायला नकोच.) ज्याला नंबर लागून गेला आहे, त्याचा नंबर मात्र उन्हाने उतरत नाही.

याच संदर्भात आपल्या विदर्भातले एक काम सांगण्यासारखे आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तिशी उलटलेल्या ४,७०० हून अधिक ग्रामस्थांचे डोळे तपासण्यात आले. त्यांच्या नेत्रगोलाची सरासरी लांबी २२.६ मिलिमीटर भरली, पुस्तकातल्या २४ पेक्षा चांगलीच कमी. ही बहुतेक शेतावर वाढलेली पिढी. डोळ्याची लांबी माणसाच्या उंचीवरही अवलंबून असते, तेव्हा सगळे श्रेय उन्हाला देता येणार नाही. दिल्लीतल्या सुमारे दहा हजार शाळकरी मुलांच्या पाहणीत, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, १३.१ टक्के मुलांना निकटदृष्टिता आढळली.

राहता राहिला मावसभावाचा जुना चष्मा. तो आता अडगळीत टाकावा का? नाही. सर्दीताप आला, डोळा लाल झाला, लेन्स फुटली किंवा प्रवासात हात धुण्याची नीट सोय नसली, तर त्या रात्री लेन्स घालायची नसते. दुसऱ्या दिवशी पारपटल थोडेच मूळ आकाराकडे परतलेले असते, सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. पूर्ण नंबरचा जुना चष्मा त्या दिवशी जड जातो, प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे ढकलतो. म्हणून अशा मुलांना डॉक्टर पुष्कळदा कमी नंबरचा एक जादा चष्मा देऊन ठेवतात.